चार्ज : एका शब्दाचा भार



मंडळाच्या वार्षिक व्याख्यानमालेत संतसाहित्य, नाटक, इतिहास अशा भारदस्त विषयांवर विद्वानांनी बोलावे, अशी प्रथा आहे. मी विद्वान नव्हे. बडोद्यात चाळीस वर्षे मराठी, गुजराती आणि इंग्रजी कागदांची भाषांतरे करून पोट भरलेला माणूस आहे. खरेदीखते, मृत्युपत्रे, न्यायालयाचे कागद, दवाखान्याचे अहवाल, बँकांचे नमुने, जे येईल ते. तेव्हा कार्यवाहांनी ‘शब्दांविषयी काही बोला’ असे सुचवले, त्या वेळी मी ठरवले की अनेक शब्दांविषयी थोडे थोडे बोलण्यापेक्षा एकाच शब्दाविषयी पुरते बोलावे. तो शब्द इंग्रजी आहे. पण तुम्ही आज सकाळपासून तो किमान दोनदा तरी उच्चारला असेल. तो शब्द म्हणजे ‘चार्ज’.

हाच का निवडला, याला एक घरगुती कारण आहे. ते मी मध्ये सांगेन. आधी शब्दाची ओळख करून घेऊ.

एका साध्या घरातली एक सकाळ डोळ्यांसमोर आणा. मुलगा म्हणतो, ‘मोबाइल चार्ज नाही.’ वडील वर्तमानपत्रात वाचतात, की मोर्चावर पोलिसांनी लाठीचार्ज केला, आणि त्याच पानावर दुसऱ्या एका प्रकरणात चार्जशीट दाखल झाली. आई म्हणते, ‘त्या प्लंबरने नुसता नळ बघायचा चार्ज घेतला.’ सून शाळेत शिक्षिका आहे. मुख्याध्यापक रजेवर गेल्यामुळे आठवडाभर चार्ज तिच्याकडे आहे. आजोबांना दवाखान्यातून दुपारी डिस्चार्ज मिळणार आहे. कोणी अडखळत नाही. कोणी कोणाला अर्थ विचारत नाही. पाच जणांनी सहा निरनिराळ्या गोष्टी एकाच शब्दात सांगितल्या आणि चहा संपला.

आता हीच सहा वाक्ये भाषांतरासाठी माझ्या टेबलावर आली, तर मला सहा शब्द लागतात. विजेचा प्रभार, पोलिसांचा लाठीमार, न्यायालयातले दोषारोपपत्र, प्लंबरचा आकार किंवा मजुरी, शाळेतला कार्यभार आणि आजोबांची दवाखान्यातून घरी रवानगी. इंग्रजी एका शब्दाने काम भागवते, तिथे मराठी सहा शब्द वापरते. यात कोणती भाषा श्रीमंत, असा वाद आपण घालू नये. त्याने फार तर सभेची वेळ जाते. विचारण्यासारखा प्रश्न दुसरा आहे. इतक्या दूरदूरच्या गोष्टी इंग्रजीत एका नावाखाली आल्या कशा?

याचे उत्तर एका गाडीत आहे. प्राचीन गॉल देशात, म्हणजे ढोबळमानाने आजच्या फ्रान्समध्ये, केल्टिक लोक मालाची गाडी वापरत. रोमन लोकांनी त्या गाडीचे नाव उचलले आणि त्याचे लॅटिन रूप झाले ‘कार्रुस’. पुढे लॅटिनमध्ये ‘कार्रिकारे’ असे क्रियापद घडले. अर्थ सरळ होता : गाडीवर माल लादणे. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचे ‘शार्जे’च्या जवळचे रूप झाले आणि तिथून तेराव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत ‘चार्ज’ आला. तेव्हा त्याचा अर्थ होता ओझे. आपल्या दारातली ‘कार’, जहाजावरचा ‘कार्गो’, ‘कॅरी’ हे क्रियापद, ही सगळी त्याच घराण्यातली भावंडे. इतकेच काय, ‘कॅरिकेचर’ म्हणजे व्यंगचित्र, हाही याच कुळातला शब्द आहे. इटालियन भाषेत ‘कारिकारे’ म्हणजे लादणे. एखाद्याच्या नाकावर किंवा मिशीवर चित्रकाराने गरजेपेक्षा जास्त भार टाकला, की ते व्यंगचित्र.

तर मुळात ओझे. आता या ओझ्याचे काय काय झाले ते पाहा.

गाडीत माल भरतात, तशी तोफेत दारू भरतात. म्हणून तोफेत ठासलेल्या दारूला इंग्रजीत चार्ज म्हणू लागले. आपल्याकडे खाणीत सुरुंगाला ‘बार भरतात’, तेच हे. भाला पेलून हल्ल्यासाठी सज्ज करणे यालाही तोच शब्द लागला, आणि सज्ज झालेला स्वार पुढे घुसतो, म्हणून घोडदळाची चाल म्हणजेही चार्ज झाला. २५ ऑक्टोबर १८५४ रोजी क्रिमियन युद्धात बालाक्लाव्हा इथे ब्रिटिश घोडदळाच्या एका तुकडीने रशियन तोफांवर अशीच चाल केली. टेनिसनच्या कवितेमुळे ती इंग्रजी शिकलेल्या कित्येक पिढ्यांना माहीत आहे. आपल्या वर्तमानपत्रातला लाठीचार्ज हा त्या घोडदळाच्या चालीचा दूरचा वंशज. घोडा गेला, भाला गेला, काठी राहिली.

तोफेतून हा शब्द प्रयोगशाळेत गेला. १७४५-४६च्या सुमारास युरोपात ‘लायडनची बरणी’ तयार झाली. काचेची बरणी, आतून-बाहेरून धातूचा पत्रा, आणि घर्षणाने निर्माण केलेली वीज तिच्यात साठवता येई. हात लावला की असा झटका बसे की माणूस मागे पडे. पलीकडे अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिन यांनी त्या बरणीवर प्रयोग केले. त्यांच्या डोळ्यांसमोर उदाहरण तोफेचेच होते. बरणी ‘भरायची’ आणि मग ती ‘उडायची’. अशा अनेक बरण्या एकत्र जोडल्या, तेव्हा त्यांनी त्या संचाला ‘बॅटरी’ म्हटले. बॅटरी म्हणजे तोफांची रांग. आपण आज खिशात बॅटरी घेऊन फिरतो आणि रात्री ती चार्ज करायला लावतो. म्हणजे भाषेच्या हिशेबाने तोफांचा मोर्चा उशाशी ठेवून झोपतो.

धन आणि ऋण प्रभार ही नावेही १७४७च्या सुमारास फ्रँकलिन यांनीच रूढ केली. कोणत्या बाजूला धन म्हणायचे, हे ठरवायला त्यांच्याजवळ पक्का आधार नव्हता. त्यांनी एक बाजू निवडली. पुढे दीडशे वर्षांनी, १८९७ मध्ये, जे. जे. थॉमसन यांना इलेक्ट्रॉनचा शोध लागला आणि लक्षात आले की तारेतून जे कण वाहतात ते ऋण आहेत. परिणाम असा, की आजही विद्यार्थी पुस्तकात विद्युतधारेचा बाण एका दिशेने काढतो आणि इलेक्ट्रॉन मात्र उलट दिशेने चाललेले असतात. नाव एकदा चिकटले, की ते बदलणे किती अवघड असते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

विज्ञानाच्या विद्यार्थ्याची आणखी एक अडचण सांगतो. ‘मोबाइल चार्ज झाला’ याचा अर्थ त्यात विद्युतप्रभार भरला, असे त्याला वाटते. तसे होत नाही. बॅटरीच्या एका टोकाने जेवढा प्रभार आत जातो, तेवढाच दुसऱ्या टोकाने बाहेर पडतो. एकूण बेरीज शून्यच राहते. चार्ज करताना लिथियमचे आयन धन बाजूकडून ऋण बाजूकडे ढकलले जातात आणि ऊर्जा रासायनिक रूपात साठते. तुमच्या फोनवर ५००० मिलिअँपिअर-तास असे लिहिलेले असेल, तर पूर्ण रिकामा होईपर्यंत त्यातून १८,००० कूलोम प्रभार फिरून जातो, पण आत साठून राहत नाही. म्हणजे घरातला चार्ज आणि भौतिकशास्त्रातला चार्ज, दोन्ही विजेचेच, तरी एक नव्हेत. शब्द ओळखीचा असल्यामुळे मुलगा शंका विचारत नाही आणि परीक्षेत फसतो.

हे वाक्य लक्षात ठेवा. शब्द ओळखीचा असल्यामुळे शंका विचारली जात नाही. पुढे ते मला पुन्हा लागणार आहे.

गाडीवरचे आणि तोफेतले ओझे पाहिले. आता माणसावरचे पाहू. माणसावर कामाचे ओझे टाकले, की तो त्या कामाचा ‘इन चार्ज’. आपण प्रभारी म्हणतो, कार्यभार म्हणतो, पदभार म्हणतो. आपल्याकडे याहून जुना शब्द होता ‘हवाला’. एखादी गोष्ट कोणाच्या हवाली करणे, म्हणजे ती त्याच्या ताब्यात आणि जबाबदारीवर देणे. शिवकालात किल्ला ज्याच्या हवाली असे तो हवालदार. आज आपण हवालदार म्हटले की चौकातला पोलीस आठवतो. पण शब्द नीट उकलला, तर तो शब्दशः ‘इन चार्ज’च आहे. फारसी-अरबीतून आलेला हा शब्द आपण इतका मुरवला की तो परका वाटत नाही. ‘चार्ज’ही त्याच वाटेने मुरतो आहे.

माणसाच्या नावावर गुन्ह्याचे ओझे टाकले की तो आरोप. इथे मात्र जपून चालावे लागते, कारण वर्तमानपत्र आणि न्यायालय यांच्या भाषेत अंतर आहे. पोलिसांनी चार्जशीट दाखल केली, म्हणजे तपास संपवून आपला अहवाल न्यायालयाला दिला. कोठडीतल्या आरोपीच्या बाबतीत गुन्ह्याच्या स्वरूपाप्रमाणे ६० किंवा ९० दिवसांत तो दिला नाही, तर आरोपीला जामीन मागण्याचा हक्क मिळतो. पण चार्जशीट म्हणजे चार्ज नव्हे. न्यायाधीश कागद पाहतात, दोन्ही बाजू ऐकतात, आणि खटला चालवण्याजोगे काही आहे असे वाटले तर दोषारोप ठेवतात. तो खरा चार्ज. कायदा सांगतो की तो न्यायालयाच्या भाषेत लिहावा, आणि आरोपीला वाचून दाखवावा व समजावून सांगावा. ‘वाचून’ आणि ‘समजावून’ अशा दोन वेगळ्या गोष्टी कायद्याने मागितल्या आहेत. मला ही तरतूद फार शहाणपणाची वाटते. वाचून दाखवले म्हणजे समजले असे नाही, हे कायदा लिहिणाऱ्यांना ठाऊक होते.

न्यायाधीशांना काहीच आढळले नाही, तर ते आरोपीला ‘डिस्चार्ज’ करतात. खटला पूर्ण चालून शेवटी जी सुटका होते, ती निर्दोष मुक्तता. बातमीत दोन्हींना ‘सुटला’ म्हणतात. पण फरक मोठा आहे. निर्दोष मुक्तता झालेल्या माणसावर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालत नाही. डिस्चार्जला ते संरक्षण नाही. नवा पुरावा आला तर प्रकरण पुन्हा उभे राहू शकते.

आता डिस्चार्ज निघालाच आहे, तर त्याचाही हिशेब करू. चार्ज म्हणजे ओझे लादणे, तर डिस्चार्ज म्हणजे ओझे उतरवणे. हे चित्र मनात धरले की सगळे अर्थ रांगेत उभे राहतात. बंदुकीतून गोळी सुटली, बॅटरी उतरली, सैनिक सेवेतून मोकळा झाला, कर्जदाराचे देणे फिटले, माणसाने आपले कर्तव्य पार पाडले, रुग्ण घरी गेला, जखमेतून स्राव आला, धरणातून पाणी सुटले. महाराष्ट्रातल्या बातम्यांत याला विसर्ग म्हणतात आणि तो क्युसेकमध्ये मोजतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर. आपण बडोदेकरांनी आजवा सरोवर आणि विश्वामित्रीच्या पाण्यापायी पावसाळ्यात किती रात्री जागून काढल्या आहेत, ते मी सांगायला नको. २०२४चा ऑगस्ट कोणी विसरलेले नाही. दवाखान्याच्या कागदांत तर मला एकदा असे वाक्य आले होते, की डिस्चार्जच्या वेळी रुग्णाला डिस्चार्ज नव्हता. पहिला डिस्चार्ज घरी जाण्याचा आणि दुसरा जखमेचा. रुग्णाच्या मुलाने ते वाचले आणि घाबरून मला विचारले, ‘काका, बाबांना सोडलंय की नाही?’

तिसरे ओझे खिशावरचे. तो आकार, दर, शुल्क, फी. महाराष्ट्रातले वीजबिल पाहा. त्यात स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार अशा ओळी असतात. तीनही इंग्रजीत चार्ज. म्हणजे एकाच वीज खात्यात अभियंता चार्ज म्हणतो तेव्हा मराठीत प्रभार, आणि बिल करणारा चार्ज म्हणतो तेव्हा मराठीत आकार.

आणि चौथे ओझे मिळकतीवरचे. तो बोजा. माझे घरगुती कारण इथे आहे.

माझे एक मामा होते. गिरणीत नोकरी करून निवृत्त झाले. मराठी-गुजराती उत्तम, इंग्रजी कामापुरते. शहरात त्यांचे एक छोटे घर होते, स्वतःच्या कमाईचे. त्यांच्या पुतण्याने धंद्यासाठी एका पतसंस्थेकडून कर्ज घ्यायचे ठरवले आणि मामांना काही कागदांवर सह्या करायला सांगितल्या. कागद इंग्रजीत होते. मामा सावध माणूस. न वाचता सही करणारे नव्हते. त्यांनी शब्दन् शब्द लावत वाचले आणि जिथे अडले तिथे मला फोन केला.

मी त्या दिवशी एका मोठ्या कामाच्या गडबडीत होतो. मामा म्हणाले, ‘अरे, चार्ज म्हणजे काय रे?’

मी म्हटले, ‘मामा, चार्ज म्हणजे आकार. फी.’

‘म्हणजे पैसे भरायचे?’

‘हो. असेल पाच-सातशे रुपये.’

‘मग ठीक,’ म्हणाले आणि फोन ठेवला.

मी वाक्य विचारले नाही. वाक्य असे होते, की संस्थेच्या रकमेच्या फेडीसाठी सदर घरावर चार्ज निर्माण करण्यात येत आहे. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे १०० वे कलम याचा अर्थ सांगते. एकाची स्थावर मिळकत दुसऱ्याच्या पैशांसाठी तारण होते, पण तो व्यवहार गहाणाचा नसतो, तेव्हा तो चार्ज. गहाणात मिळकतीतला काही हक्क दुसऱ्याकडे जातो. चार्जमध्ये हक्क जात नाही, पण पैसे फिटेपर्यंत मिळकत त्या पैशांना बांधली जाते. मराठीत बोजा, गुजरातीत बोजो. सातबाराच्या उताऱ्यावर ‘इतर अधिकार’ या सदरात तुम्ही तो पाहिला असेल. गंमत पाहा, त्याच उताऱ्यावर जमिनीचा ‘आकार’ही लिहिलेला असतो, म्हणजे सरकारी सारा. एका कागदावर आकारही आहे आणि बोजाही आहे. मराठी कारकुनाने त्यांची कधी गल्लत केली नाही, कारण त्याच्याजवळ दोन शब्द होते. मामांच्या समोरच्या कागदावर एकच होता.

पुतण्याचा धंदा चालला नाही. काही वर्षांनी मामांनी घर विकायला काढले तेव्हा घेणाऱ्याच्या वकिलाने नोंदी पाहिल्या आणि बोजा पुढे आला. व्याज वाढलेले होते. विक्री रखडली. शेवटी झाली, पण आलेल्या रकमेतला मोठा भाग ते कर्ज फेडण्यात गेला. मामा उरलेली वर्षे मुलीकडे राहिले.

त्यांनी मला कधी एका शब्दाने बोलून दाखवले नाही. ते गेल्यावर मामेबहिणीने त्यांची कागदांची थैली माझ्याकडे तपासायला दिली. त्यात त्या कागदाची प्रत होती. ‘चार्ज’ या शब्दाखाली पेन्सिलने रेघ होती आणि समासात मामांच्या अक्षरात लिहिले होते : ‘आकार, फी’. माझा अर्थ. मी सांगितलेला. शब्दकोशाच्या दृष्टीने बरोबर आणि त्या वाक्यात चूक.

वाचकहो, मी हे सहानुभूतीसाठी सांगत नाही. यातून मी जो धडा घेतला तो उपयोगाचा आहे, म्हणून सांगतो. मामांना एखादा अनोळखी शब्द आला असता, ‘हायपोथिकेशन’ वगैरे, तर त्यांनी फोनवर काम भागवले नसते. कागद घेऊन घरी आले असते. मीही कोश उघडला असता. ‘चार्ज’ने आम्हा दोघांना गाफील ठेवले, कारण तो दोघांच्याही रोजच्या बोलण्यातला होता. अवघड शब्दाशी आपण जपून वागतो. धोका ओळखीच्या शब्दात असतो.

मग उपाय काय? इंग्रजी शब्द हाकलून द्यावेत, असे म्हणणारे आपल्यात आहेत. त्यांच्याविषयी आदर राखून मी म्हणेन, की ते होणे नाही आणि त्याची गरजही नाही. मात्र प्रत्येक अर्थाला आपला शब्द हाताशी असावा, ही गरज आहे, आणि या शहराला तर त्याची परंपरा आहे. शिवाजीमहाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश झाला, हे सर्वांना ठाऊक असते. पण आपल्या बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९३१ मध्ये ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ प्रसिद्ध करवला, हे आपल्याच मुलांना ठाऊक नसते. राज्यकारभारातल्या इंग्रजी शब्दांपुढे गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली असे प्रतिशब्द त्यात मांडले आहेत. इंग्रजी धरून आठ भाषा. या मांडणीमागे एक जाण आहे, की ज्या राज्यात प्रजा अनेक भाषा बोलते, तिथे कागद एका भाषेत लिहून भागत नाही.

ती जाण आपल्यासारख्यांना आजही हवी. बडोदे घ्या, बेळगाव घ्या, इंदूर घ्या, हैदराबाद घ्या. आपण घरी एक भाषा बोलतो, बाजारात दुसरी, मुले शाळेत तिसरी शिकतात, आणि सही करायचा कागद बहुधा यांपैकी कोणत्याच सरावाच्या भाषेत नसतो. विजेच्या या एकाच चार्जला मराठी पाठ्यपुस्तक प्रभार म्हणते, गुजराती विद्युतभार म्हणते आणि हिंदी आवेश म्हणते. मराठी कानाला आवेश म्हटले की वक्ता आठवतो. खटल्यातल्या चार्जला गुजरातीत तहोमत आणि आपल्याकडे दोषारोप. तीन भाषांच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसाला शेवटी ‘चार्ज’च सोपा वाटतो, यात त्याचा दोष नाही. पण तिथेच तो फसतो.

म्हणून मी एक साधी रीत सांगतो. ती या शब्दाच्या जन्मकथेतूनच निघते. मुळात चार्ज म्हणजे ओझे. तेव्हा कागदात चार्ज दिसला, की तीन प्रश्न विचारावेत. हे ओझे कशाचे? ते कोणावर किंवा कशावर टाकले आहे? आणि ते उतरवायचे कोणी आणि कसे?

वीजबिलाला विचारा. ओझे पैशाचे, माझ्या खिशावर, बिल भरले की उतरले. शाळेतल्या बाईंना विचारा. ओझे कामाचे, त्यांच्यावर, मुख्याध्यापक परत आले की उतरले. आरोपीला विचारा. ओझे गुन्ह्याचे, त्याच्या नावावर, उतरवायचे न्यायालयाने. आता मामांच्या वाक्याला विचारा. ओझे कशाचे? पुतण्याच्या कर्जाचे. कशावर? घरावर. उतरवायचे कोणी? पुतण्याने, आणि त्याने नाही उतरवले तर घराने. हे तीन प्रश्न त्या दिवशी फोनवर विचारायला मला दोन मिनिटेही लागली नसती.

आता शेवटाकडे येताना शब्दप्रेमी म्हणून एक आनंदाची गोष्ट सांगू द्या. आपल्या परिभाषाकारांनी चार्जसाठी जे शब्द योजले, त्यांत एक शब्द पुन्हा पुन्हा येतो. प्रभार, कार्यभार, पदभार, अधिभार, प्रभारी. सगळ्यांत ‘भार’ आहे. भार संस्कृतातल्या ‘भृ’ धातूपासून आला, म्हणजे वाहणे, धारण करणे. इंग्रजीतला ‘बेअर’, म्हणजे वाहणे, आणि ‘बर्डन’, म्हणजे ओझे, हे शब्दही त्याच प्राचीन मुळापासून फुटले आहेत. फ्रेंचांच्या गाडीतून इंग्रजी जिथे पोचली, तिथेच मराठी आपल्या घरच्या धातूवरून पोचली. माणसाला जबाबदारी, पैसा, आरोप, वीज यांविषयी बोलायचे झाले की दोन्हीकडे ओझ्याचीच आठवण झाली. मंतरलेल्या माणसाला आपण ‘भारलेला’ म्हणतो, आणि इंग्रजीतही ‘चार्ज्ड’ वातावरण असते. कोणी कोणाची नक्कल केलेली नाही. पाठीवरचे ओझे सगळ्यांना माहीत असते, इतकेच.

आणि आपण सभेच्या शेवटी मानतो ते ‘आभार’, त्यातही भारच आहे. तुमचे उपकार माझ्यावर ओझे म्हणून आहेत, अशी ती कबुली.

तर आभार मानण्यापूर्वी माझी एक विनंती आणि एक शब्द. विनंती मंडळाला आहे. आपल्या वाचनालयात शनिवारी संध्याकाळी दोन तास एक टेबल मोकळे असते. ते मला द्यावे. ज्याला एखाद्या कागदावर सही करायची आहे आणि त्यातले काही उमगत नाही, त्याने तो घेऊन यावे. मी कायद्याचा सल्ला देणार नाही. तो वकिलांचा अधिकार आहे आणि गरज असेल तिथे मी त्यांच्याकडेच पाठवीन. मी फक्त वाक्य वाचून दाखवीन आणि समजावून सांगेन. दोन्ही. आपल्यात निवृत्त शिक्षक आहेत, बँकेतले लोक आहेत, कचेरीत आयुष्य घालवलेले आहेत. त्यांनीही यावे. मंडळाने शंभर पुस्तके काढली तरी शेजारच्या काकूंना आपल्या घराचा कागद कळला नाही, तर भाषेची सेवा अर्धी राहिली, असे मला वाटते.

आणि शब्द तुमच्यासाठी. एक वचन मी मामांच्या थैलीवर हात ठेवून स्वतःला दिले होते, ते आता तुमच्यासमोर देतो. यापुढे कोणीही मला फोनवर एका शब्दाचा अर्थ विचारला, तर मी तो सांगणार नाही. मी म्हणेन, ‘वाक्य वाच. पूर्ण वाच.’ तुम्हीही तसेच म्हणा. या सेवेला चार्ज नाही.